विश्लेषण : ताडोबात वाघ दिसतो म्हणजे नेमके काय दिसते? हद्दीच्या लढाईत हरलेले वाघ जातात कुठे?

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातील ‘छोटा मटका’ हा पर्यटकांचा लाडका वाघ. नोव्हेंबर २०२३ मध्ये खडसंगी परिसरात झालेल्या झुंजीत त्याने ‘बजरंग’ या तितक्याच दणकट वाघाला ठार केले. मे २०२५ मध्ये ‘ब्रह्मा’ नावाच्या वाघाचाही त्याच्याशी झालेल्या झुंजीत जीव गेला. पण या वेळी विजेताही धड राहिला नाही. जखमी होऊन लंगडणाऱ्या छोटा मटकाच्या उपचारांची दखल उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून घेतली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वन विभागाने त्याला जेरबंद करून उपचारांसाठी हलवले.

समाजमाध्यमांवर अशा झुंजींची चर्चा कुस्तीच्या फडासारखी होते. कोण जिंकला, कोण हरला, आता ‘राजा’ कोण? प्रत्यक्षात ही लढाई जागेची आहे. ती जंगलाच्या आत सुरू होते आणि तिचा शेवट अनेकदा जंगलाबाहेर, गावाच्या शिवारात होतो. वाघ आपली हद्द कशी ठरवतो, ती का गमावतो आणि हद्द न मिळालेल्या वाघाचे पुढे काय होते, हे समजून घेतले तर ‘वाघ दिसला’ या बातमीचा अर्थही बदलतो.

ताडोबात वाघ इतक्या सहज का दिसतो?

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ मधले. अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झाले. दोन्ही मिळून झालेल्या व्याघ्र प्रकल्पाचे गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आणि बफर क्षेत्र सुमारे १,१०० चौरस किलोमीटर आहे. २०२२ च्या व्याघ्रगणनेनुसार या प्रकल्पात ९७ वाघ आहेत. सरळ भागाकार केला तर एका वाघाच्या वाट्याला साधारण १८ चौरस किलोमीटर येतात.

मात्र वाघ दिसण्याचे कारण केवळ संख्या नाही. ताडोबाचे जंगल पानगळीचे, साग आणि बांबूचे. एप्रिल-मेमध्ये सागाची पाने गळलेली असतात, गवत वाळते आणि नजर दूरवर जाते. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, नाले आटतात आणि वाघ दुपारचे तासन्‌तास पाणवठ्यात बसून काढतो. इतर मांजरवर्गीय प्राण्यांप्रमाणे त्याला पाण्याचे वावडे नाही. पाणवठा ठरलेला, रस्ता ठरलेला आणि जिप्सीची वेळही ठरलेली. त्यामुळे भेट होण्याची शक्यता वाढते.

दुसरे कारण रस्त्याचे. वाघ जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवरून चालणे पसंत करतो. मऊ धुळीत पंजांना त्रास होत नाही, पाचोळ्याचा आवाज होत नाही आणि आपल्या हद्दीत फेरी मारायला हा सर्वांत सोयीचा मार्ग असतो. जिप्सीसमोरून संथपणे चालत जाणारा, मध्येच थांबून झाडावर मागच्या बाजूने फवारा मारणारा वाघ पर्यटकांसाठी ‘पोज’ देत नसतो. तो गस्तीवर असतो.

मग दिसणारे वाघ म्हणजेच सगळे वाघ का?

नाही आणि गैरसमजाची सुरुवात इथेच होते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गाभा क्षेत्राच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटनाला मुभा आहे. म्हणजे जिप्सी ज्या भागात फिरते, तो जंगलाचा एक लहान तुकडा. त्या तुकड्यात ज्यांची हद्द आहे असे मोजके वाघ पुन्हा पुन्हा दिसतात. ते लहानपणापासून गाड्यांना सरावलेले असतात. त्यांना नावे मिळतात, त्यांच्या चित्रफिती सर्वदूर जातात.

उरलेले वाघ कोणाला दिसत नाहीत. त्यांची नोंद होते ती कॅमेरा ट्रॅपमध्ये. वाघाच्या अंगावरचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे असतात, दोन वाघांचे पट्टे कधीच सारखे नसतात. एवढेच नव्हे, तर एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे पट्टेही वेगळे असतात. म्हणून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावले जातात आणि संगणकाच्या मदतीने छायाचित्रे जुळवली जातात. अशा नोंदींमध्ये हद्द असलेले वाघ वारंवार येतात, तर काही तरुण वाघ एकदा दिसून कायमचे गायब होतात. हे एकदाच दिसलेले वाघ या लेखाचा खरा विषय आहेत.

वाघाची हद्द किती मोठी असते?

याचे एकच उत्तर नाही, कारण हद्द पोटावर ठरते. प्रौढ वाघाला वर्षाला साधारण ५० मोठे प्राणी लागतात. चितळ, सांबर, रानडुक्कर, रानगवा अशा खुरी प्राण्यांचा कळप टिकवून त्यातून एवढे प्राणी मिळायचे तर त्या परिसरात सुमारे ५०० तृणभक्षी प्राणी असावे लागतात. भक्ष्य दाट असेल तिथे हद्द लहान, भक्ष्य विरळ असेल तिथे मोठी.

नेपाळमधील चितवनच्या भक्ष्यसमृद्ध जंगलात झालेल्या दीर्घ अभ्यासात वाघिणीची हद्द सरासरी २० चौरस किलोमीटरच्या आसपास आढळली. याउलट रशियाच्या अतिपूर्वेकडील बर्फाळ जंगलात एका वाघिणीला सुमारे ४०० चौरस किलोमीटर लागतात. प्राणी एकच, पण जागेची गरज वीसपट. ताडोबा या पट्टीवर चितवनच्या बाजूला आहे.

नर आणि मादी यांच्या हद्दीचे नियमही वेगळे आहेत. वाघिणीला पिल्ले वाढवायची असतात. तिला पाणी, आडोसा आणि भक्ष्य हाताशी हवे. नराला शक्य तितक्या वाघिणींपर्यंत पोहोचायचे असते. त्यामुळे एका नराच्या मोठ्या हद्दीत दोन-तीन किंवा त्याहून अधिक वाघिणींच्या लहान हद्दी सामावलेल्या असतात. नर आणि मादीची हद्द एकमेकांवर येते, पण दोन नरांची हद्द सहसा येत नाही. वर केलेल्या भागाकाराचा अर्थ म्हणूनच जपून घ्यायला हवा. नकाशावर १८ चौरस किलोमीटरचे ९७ चौकोन पडलेले नाहीत.

कुंपण नसताना सीमा कशी ठरते?

वासाने. वाघ शेपटी वर करून झाडाच्या बुंध्यावर, झुडपाच्या पानांवर मूत्र आणि ग्रंथींतील स्रावाचा फवारा मारतो. या फवाऱ्याला एक ओळखीचा गंध असतो. बासमती किंवा आंबेमोहोर भाताला ज्या रसायनामुळे सुवास येतो, तेच रसायन वाघाच्या या स्रावात असते, हे भारतीय शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. ताडोबातले अनुभवी मार्गदर्शकही जिप्सी थांबवून हवेत वास घेतात, ते याचसाठी. स्रावातील स्निग्ध पदार्थांमुळे हा वास लगेच उडून जात नाही, झाडाला धरून राहतो.

दुसरा वाघ तिथे आला की नाक लावतो, वरचा ओठ मागे ओढून तोंड वेंगाडतो आणि टाळूतल्या खास अवयवाने तो वास तपासतो. हा नर की मादी, वाघीण माजावर आहे का, खूण ताजी की जुनी, एवढी माहिती त्याला मिळते. म्हणजे हद्दीचा फलक वाचून वाटसरू मागे फिरावा, तसा हा प्रकार. जमिनीवर मागच्या पायांनी काढलेले ओरखडे, झाडाच्या सालीवर नखांच्या खुणा, ठळक ठिकाणी टाकलेली विष्ठा आणि दोन-तीन किलोमीटरपर्यंत ऐकू जाणारी डरकाळी ही याच व्यवस्थेची इतर साधने आहेत.

या व्यवस्थेचा मूळ हेतू लढाई टाळणे हा आहे. वाघ एकटा शिकार करतो. पंजा निकामी झाला, सुळा तुटला तर त्याला खाऊ घालणारे कोणी नसते. त्यामुळे दोन प्रौढ वाघ शक्यतो समोरासमोर येत नाहीत. मात्र खुणा सतत ताज्या ठेवाव्या लागतात. वाघ आजारी पडला, म्हातारा झाला, फेरी चुकू लागली की वास विरतो आणि शेजाऱ्याला निरोप मिळतो की जागा रिकामी होत आहे.

तरीही झुंजी का होतात?

कारण नव्याने मोठे होणारे नर जुन्या नरांच्या जागेवरच वाढतात. चितवनमधील अभ्यासात नराची आपल्या हद्दीवरची सत्ता सरासरी तीन वर्षेही टिकत नसल्याचे, तर वाघिणीची सुमारे सहा वर्षे टिकत असल्याचे दिसले. नराची कारकीर्द म्हणजे तरुणपणी मिळवलेली आणि काही वर्षांतच गमवायची असलेली जागा.

ताडोबात याचे ठळक उदाहरण ‘वाघडोह’ या वाघाचे. एके काळी मोहर्ली परिसरावर त्याचे वर्चस्व होते. चेहऱ्यावरच्या व्रणामुळे तो चटकन ओळखू येई. तरुण नर वाढले तसा तो गाभा क्षेत्रातून बाहेर ढकलला गेला. आयुष्याची अखेरची वर्षे त्याने चंद्रपूर शहराकडच्या जंगलात काढली आणि मे २०२२ मध्ये सिनाळा परिसरात, सुमारे १७ वर्षांचा असताना तो मृत आढळला. जंगलातला वाघ साधारण १० ते १५ वर्षे जगतो, हे पाहता त्याला दीर्घायुष्य लाभले. पण हरल्यानंतर वाघ कोणत्या दिशेला जातो, हे त्याच्या मार्गावरून स्पष्ट दिसते. तो जंगलाच्या मध्याकडून कडेला आणि कडेकडून माणसांच्या वस्तीकडे सरकतो.

एका मर्यादेपर्यंत झुंजी हा निसर्गक्रमच आहे. वाघांची संख्या वाढली की त्या वाढणार. प्रश्न झुंजींचा नाही. हरलेल्याला जायला जागा आहे की नाही, हा आहे.

वाघिणींचा संघर्ष वेगळा कसा?

नवा नर आला की सर्वांत आधी धोका असतो तो बछड्यांना. वाघीण बछड्यांना साधारण दीड ते दोन वर्षे सांभाळते आणि तोवर पुन्हा माजावर येत नाही. नव्या नराची सत्ता जेमतेम तीन वर्षांची. आधीच्या नराची पिल्ले मोठी होईपर्यंत थांबणे त्याला परवडत नाही. म्हणून तो ती मारतो. बछडे गमावलेली वाघीण लवकरच पुन्हा माजावर येते. माणसाच्या नजरेला हे क्रूर वाटते, पण त्यामागचे कारण जीवशास्त्रीय आहे.

पांढरपौनी परिसरातील ‘माया’ ऊर्फ टी-१२ ही ताडोबाची सर्वाधिक छायाचित्रे निघालेली वाघीण. तिने अनेकदा बछड्यांना जन्म दिला, त्यातले बरेच जगले नाहीत. बछडे सोबत असतानाही परक्या नरांबरोबर समागम करून त्यांना पितृत्वाबाबत संभ्रमात ठेवण्याचे तिचे वर्तन निरीक्षकांनी टिपले होते. हद्द टिकवणे आणि बछडे जगवणे ही वाघिणीसाठी एकच लढाई असते, हे मायाच्या आयुष्यावरून कळते. ऑगस्ट २०२३ नंतर ती दिसली नाही. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये सापडलेले अवशेष तिचेच असल्याचे डीएनए चाचणीतून निष्पन्न झाले.

मायाच्या नावावर आणखी एक नोंद आहे, ती पर्यटनाच्या चित्रफितींत येत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये व्याघ्रगणनेच्या पूर्वतयारीसाठी पायी सर्वेक्षण करणाऱ्या एका महिला वनरक्षकाचा तिच्या हल्ल्यात मृत्यू झाला. जिप्सीतल्या माणसांकडे ढुंकूनही न पाहणारी वाघीण पायी चालणाऱ्या माणसाला वेगळ्या नजरेने पाहते. उंच गाडी तिच्यासाठी एक निरुपद्रवी वस्तू असते. वाकलेला किंवा एकटा चालणारा माणूस तसा नसतो.

हद्द न मिळालेले तरुण वाघ कुठे जातात?

दोन वर्षांच्या आसपास बछडे आईपासून वेगळे होतात. मादी बछड्याला अनेकदा आईच्या शेजारीच, कधी तिच्याच हद्दीच्या एका तुकड्यात जागा मिळते. नराला मात्र निघावेच लागते. या प्रवासातल्या वाघांच्या काही नोंदी थक्क करणाऱ्या आहेत.

यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ मध्ये निघालेला, रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ महाराष्ट्र आणि तेलंगणातून ३,००० किलोमीटरहून अधिक भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. ‘वॉकर’ हे नाव त्याला त्यामुळेच मिळाले. शेते, महामार्ग, गावे ओलांडत त्याने हा प्रवास केला. टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ डिसेंबर २०२४ मध्ये थेट धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्यात टिपला गेला. मराठवाड्याच्या या भागात वाघ असेल, अशी कल्पनाही कुणी केली नव्हती. ब्रह्मपुरीच्या जंगलातला एक वाघ तर चार राज्ये ओलांडून ओडिशात पोहोचल्याचे त्याच्या पट्ट्यांवरून २०२३ मध्ये निश्चित झाले.

वॉकर ज्ञानगंगेत पोहोचला तरी त्याला तिथे वाघीण मिळाली नाही. म्हणजे जागा मिळाली, भक्ष्य मिळाले, पण वंश पुढे जाण्याची सोय झाली नाही. शिवाय या प्रवासात जे मधेच संपतात, त्यांची गोष्ट लिहिली जात नाही. शेताच्या कुंपणात सोडलेला वीजप्रवाह, रानडुकरासाठी लावलेले फास, महामार्गावरचे ट्रक, उघड्या विहिरी आणि रेल्वे यांत वाघ मरतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जुनोनाजवळ गोंदिया मार्गावरील रेल्वेखाली वाघाचे तीन बछडे चिरडले गेले. त्या बछड्यांना अजून स्वतःची हद्दही शोधायची नव्हती. आईच्या मागे रूळ ओलांडावे लागले, एवढेच.

प्रकल्पाबाहेर किती वाघ आहेत?

महाराष्ट्रात २००६ मध्ये १०३ वाघ होते. २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ अशी ही संख्या वाढत गेली. सोळा वर्षांत चौपटीहून अधिक. संवर्धनाचे हे मोठे यश आहे आणि त्याबद्दल दुमत नाही. मात्र राज्यातील सहा व्याघ्र प्रकल्पांच्या हद्दीत नोंदले गेलेले वाघ एकत्र केले तर ते या संख्येच्या निम्म्याच्या आसपासच भरतात. उरलेले निम्मे प्रकल्पांबाहेर, म्हणजे प्रादेशिक वनविभागांच्या जंगलात, वन विकास महामंडळाच्या सागवनात आणि गावांना लागून असलेल्या झुडपी जंगलात राहतात.

चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, मूल, सावली या तालुक्यांत हे स्पष्ट दिसते. इथे जंगल, धानाची शेती, तलाव आणि गाव एकमेकांत मिसळलेले आहेत. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात आणि कोळसा खाणींलगतच्या झुडपांतही वाघांचा वावर आहे. ताडोबात जागा न मिळालेला वाघ ‘भरकटून’ इथे येतो, असे म्हटले जाते. खरे तर यातले अनेक वाघ इथेच जन्मले. त्यांच्या दृष्टीने हेच त्यांचे जंगल आहे. प्रकल्पाची सीमा नकाशावर आहे, वासाच्या नकाशावर ती नाही.

याची झळ कोणाला बसते?

ज्यांना जंगलात जावेच लागते, त्यांना. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मे महिन्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात रानभाज्या, वर्षभर सरपण आणि गुरे चारणे. पहाटेच्या अंधारात मोहफुले वेचणारी बाई किंवा तेंदूच्या झुडपात वाकलेला मजूर हा वाघाच्या उंचीच्या पातळीवर असतो आणि नेमक्या वाघाच्या वेळेला जंगलात असतो. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिलांचा वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी मृत्यू झाला. त्याच महिन्यात जिल्ह्यात असे आणखीही मृत्यू झाले.

राज्य सरकारने २०२३ मध्ये वन्यप्राण्यांच्या हल्ल्यातील मृत्यूसाठीची मदत २५ लाख रुपयांपर्यंत वाढवली. ती आवश्यक होतीच. पण मदत मृत्यूनंतर मिळते. तेंदूपत्त्याच्या जेमतेम काही आठवड्यांच्या हंगामावर ज्यांचा खरीप उभा राहतो, त्यांना ‘जंगलात जाऊ नका’ असे सांगणे सोपे, पाळणे अवघड.

ताडोबा तलावाकाठी ‘तारू’ या देवाचे ठाणे आहे. तारू हा वाघाशी झुंजताना मरण पावलेला गावप्रमुख होता, अशी इथल्या आदिवासींची आख्यायिका आहे आणि प्रकल्पाचे नावही त्याच्यावरूनच आल्याचे मानले जाते. वाघासोबत राहण्याची या भागाला सवय नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. पण सवय असणे आणि सगळा भार एकट्याने उचलणे यांत फरक आहे.

वाघ दुसरीकडे हलवणे हा उपाय आहे का?

अंशतः. ताडोबाच्या परिसरातून नवेगाव-नागझिऱ्यात वाघिणी सोडण्यात आल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातली एक वाघीण सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, चांदोलीत नेण्यात आली. ताडोबा आणि पेंच येथून एकूण आठ वाघ टप्प्याटप्प्याने तिथे नेण्याची परवानगी आहे. जिथे जंगल आहे पण वाघांचे कुटुंब उभे राहिलेले नाही, तिथे असे स्थलांतर उपयोगी ठरते.

मात्र वाघ म्हणजे पिंजऱ्यात भरून पोहोचवायचा माल नव्हे. २०२४ च्या अखेरीस ताडोबातील ‘जमुना’ आणि ‘झीनत’ या वाघिणी ओडिशातील सिमिलिपाल प्रकल्पात पाठवण्यात आल्या. तिथल्या वाघांमध्ये आपसातील प्रजननामुळे आलेला जनुकीय तोच तोपणा मोडावा, हा उद्देश होता. झीनत सोडल्यानंतर सिमिलिपालमध्ये थांबली नाही. झारखंडमार्गे ती पश्चिम बंगालमध्ये गेली आणि डिसेंबरच्या अखेरीस बांकुडा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून पकडावे लागले. वाघ आपल्या ओळखीची हद्द सहजी विसरत नाही. नव्या जागी ती नव्याने बांधायला वेळ लागतो. म्हणूनच अशा वाघांना आधी कुंपण घातलेल्या मोठ्या आवारात ठेवून मग मोकळे सोडले जाते.

आणखी एक अडचण आहे. जिल्ह्यातला एक वाघ उचलला की त्याची जागा रिकामी राहत नाही. वास विरला की शेजारचा किंवा फिरता तरुण वाघ काही दिवसांत ती घेतो. माणसांवर सातत्याने हल्ले करणारा वाघ पकडणे अपरिहार्य असते, पण केवळ वाघ उचलून संघर्ष संपत नाही.

पर्यटनाचा या सगळ्याशी काय संबंध?

पर्यटनाने ताडोबाभोवतीच्या अनेक गावांना जिप्सीचालक, मार्गदर्शक, हॉटेलातील काम असा रोजगार दिला. बफरमधील प्रवेशद्वारांमुळे तो अधिक गावांत पोहोचला. वाघ जिवंत राहण्यात गावाचा फायदा असणे, ही संवर्धनाची मोठी ताकद आहे.

पण ‘दर्शन झालेच पाहिजे’ या हट्टाने तीच कमकुवत होते. मे २०२४ मध्ये ताडोबात एका वाघाला जिप्सींनी दोन्ही बाजूंनी घेरल्याचे छायाचित्र पसरले आणि चालक व मार्गदर्शकांवर कारवाई झाली. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पाच बछड्यांसह निघालेल्या वाघिणीची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी अडवली. त्याची दखल उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली. नोव्हेंबर २०२५ मध्ये कॉर्बेट प्रकरणात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानेही गाभा क्षेत्रातील पर्यटन विभागांत मोबाइल वापरावर बंदी घालण्याचे निर्देश दिले.

हा केवळ शिस्तीचा प्रश्न नाही. गस्तीवरच्या वाघाचा रस्ता अडला की त्याची फेरी अपुरी राहते. बछड्यांसह असलेली वाघीण गाड्यांमुळे दुसऱ्या नराच्या हद्दीकडे वळली तर बछड्यांचा जीव जाऊ शकतो. जिप्सीतून दिसणारे काही सेकंद वाघासाठी हद्द राखण्याच्या कामाचे असतात.

मग यश मोजायचे कशाने?

आजवर दोन मोजपट्ट्या वापरल्या गेल्या. एक, दर चार वर्षांनी जाहीर होणारी वाघांची संख्या. दुसरी, पर्यटकांना होणारे दर्शन. दोन्ही आकडे ताडोबाच्या बाजूने आहेत आणि तरीही चंद्रपूर जिल्ह्यात वाघ आणि माणूस दोघेही मरत आहेत. याचा अर्थ मोजपट्टी अपुरी आहे.

तिसरी मोजपट्टी हवी ती ‘दर्शन’ न देणाऱ्या वाघांची. दरवर्षी आईपासून वेगळे झालेल्या तरुण वाघांपैकी किती वाघांना दोन वर्षांनंतर स्वतःची हद्द मिळाली? किती वाटेत मेले, कुठे आणि कशाने? त्या काळात त्यांच्या वाटेवरच्या किती गावांत माणसे दगावली? कॅमेरा ट्रॅप आणि रेडिओ कॉलरमुळे ही माहिती गोळा करणे आज अशक्य नाही. ती वाघांच्या एकूण संख्येइतक्याच ठळकपणे जाहीर व्हायला हवी.

ही मोजपट्टी लावली की खर्चाचा क्रमही बदलतो. घोडाझरी आणि कन्हारगाव ही अभयारण्ये गेल्या काही वर्षांत जाहीर झाली, ती ताडोबाबाहेरच्या वाघांना आधार म्हणून. तिथे भक्ष्य वाढवणे हे नव्या प्रवेशद्वारापेक्षा आधीचे काम ठरते. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली बांधलेल्या भुयारी मार्गांचा वाघ नियमित वापर करतात, हे कॅमेऱ्यांनी सिद्ध केले आहे. मग चंद्रपूर-गोंदिया रेल्वेमार्गावर आणि जिल्ह्यातील रस्त्यांवर भ्रमणमार्गाच्या ठिकाणी तशीच सोय का नको, हा प्रश्न उभा राहतो. ताडोबाच्या बफरमधील सीतारामपेठसारख्या गावात कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे कॅमेरे वाघ आल्याची सूचना देतात. ही सोय पर्यटनाच्या नकाशावर नसलेल्या सिंदेवाही-ब्रह्मपुरीच्या गावांना अधिक गरजेची आहे. तेंदूपत्ता आणि मोहफुलांच्या हंगामात त्या त्या जंगलातील वाघांची ताजी माहिती गावात रोज पोहोचवणे, मजुरांनी गटाने आणि उजाडल्यावर जावे यासाठी संकलनाच्या वेळा बदलणे, घरोघरी गॅस आणि शौचालयाची सोय टिकवणे ही कामे दिसायला लहान आहेत. माणूस आणि वाघ दोघांचेही जीव त्यांनीच वाचतात.

छोटा मटका जेरबंद झाला तेव्हा त्याच्या चाहत्यांनी हळहळ व्यक्त केली, ती रास्त होती. मात्र वाघाच्या जगात जागा रिकामी राहत नाही. त्याच्या हद्दीत एव्हाना नव्या नराच्या खुणा पडू लागल्या असतील, त्याला नाव मिळेल, त्याचीही छायाचित्रे निघतील. त्याच्याशी हरून किंवा न लढताच निघून गेलेल्या तरुण वाघाला मात्र नाव मिळणार नाही. तो रात्रीच्या वेळी एखाद्या धानाच्या बांधावरून, एखाद्या गावाच्या कडेने पुढे जात असेल. त्याला आणि त्या गावाला सुखरूप राहता येते का, यावर महाराष्ट्राच्या व्याघ्रसंवर्धनाची पुढची परीक्षा ठरणार आहे.